वास येईपर्यंत रामेन

माझ्या प्रत्येक परीक्षणाची पहिली ओळ ठरलेली असायची: ‘मला वास येत नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.’ त्याखाली मग दुकान कुठे आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं का, नूडल्स कशा होत्या, अंडं किती उकडलं होतं, सूप जीभ भाजेल इतकं गरम होतं की नुसतंच कोमट, हे सगळं. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या खादाड लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथे मी हे लिहायचे. मिसळ कुणाची चांगली यावरून हमरीतुमरीवर येणारी ती मंडळी. त्यांना आधी रामेन हे जपानी नूडल्सचं सूप म्हणजे काय हेच कळेना, आणि ते खाऊन मत देणाऱ्या बाईला वासच येत नाही म्हटल्यावर तर त्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. एकाने लिहिलं, ताई, पुढच्या वेळी कानात कापूस घालून गाण्याच्या मैफलीवरही लिहा. मी चिडले, पण लिहायचं सोडलं नाही. चिडले की मी जास्तच लिहिते.

वास गेला तो एका तापात. ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली, आणि एका सकाळी आईने चहा दिला तो नुसतं गोड गरम पाणी लागला. मी तिच्यावरच खेकसले, की आलं घालायला काय होतं तुला. तिने आत जाऊन हिंगाची डबी आणली आणि उघडून माझ्या नाकाखाली धरली. काही नाही. मग लसूण ठेचून आणला, मग कापूर, मग खोबरेल तेल. मी श्वास ओढत राहिले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. घरात आम्ही दोघीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी लग्न केलं नाही, त्यामुळे एकमेकींच्या तोंडाकडे बघण्याची आम्हाला सवय आहे. पण तिला इतकं घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वासाची नस दुखावली आहे, ती हळूहळू बरी होते, काहींची होते आणि काहींची होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरीचं तेल हुंगायचं, एवढाच उपाय. आईने चार बाटल्या भरल्या आणि पाचवी हिंगाची आपल्या मनाने वाढवली. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने गावच्या देवीला सांगितलं, की माझ्या लेकीला वास येईपर्यंत मी मासे सोडले.

हे वाचून ज्यांना काही वाटलं नसेल त्यांनी माझ्या आईला मासे खाताना पाहिलेलं नाही. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे, डोंबिवलीत दोन पिढ्या काढल्या तरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आमच्या घरात वार नसतात, मासे असतात. बांगड्याचं डोकं ती असं साफ करते की मांजराने नंतर बघून निराश व्हावं. अशा बाईने मासे सोडले. शिवाय माझ्यासाठी करायचं मात्र सोडलं नाही. शुक्रवारी ती बोंबील तळायची, माझ्या ताटात वाढायची आणि स्वतः समोर बसून आमटी-भात जेवायची. मला त्या बोंबलाचा कुरकुरीतपणा कळायचा आणि मीठ कळायचं, बाकी काही नाही. म्हणजे जिला खायची मुभा होती तिला ते कळत नव्हतं, आणि जिला कळलं असतं ती खात नव्हती. त्या ताटावरून मला रडू यायचं आणि रागही यायचा.

म्हणून एकदा मी थाप मारली. ती तव्याजवळ होती आणि मी बाहेरून ओरडले, आई, आला गं वास, बोंबलाचा. ती धावत आली नाही. गॅस बारीक करून शांतपणे आली, माझीच ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली आणि नाकासमोर काहीतरी धरलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, बोंबील. ओढणी सोडली तर तिच्या हातात अंगाचा साबण होता. ती हसली नाही की रागावली नाही. आत जाऊन तिने आपला आमटी-भात कालवला. त्या दिवसापासून वासाच्या बाबतीत माझ्या शब्दाला घरात काडीची किंमत उरली नाही.

आणि मग रामेन भेटलं. ऑफिसातल्या एकीच्या निरोपाचं जेवण घोडबंदर रोडला होतं, कागदी दिवे टांगलेल्या एका जपानी हॉटेलात. मी जाणार नव्हते. वास गेल्यापासून बाहेर जेवण म्हणजे मला शिक्षा होती, बाकीचे वाहवा करत असतात आणि आपण पुठ्ठा चावत असतो. पण गेले, आणि समोर आलेल्या वाडग्यातलं सूप चमच्याने तोंडात घातलं, आणि मी चमचा तसाच धरून बसले. काहीतरी लागलं होतं. गोड नाही, आंबट नाही, नुसतं खारटही नाही. जिभेच्या मागच्या बाजूला, गालांच्या आतून, एक भरीव, खोल अशी चव पसरत गेली आणि गिळल्यावरही तिथेच राहिली. कितीतरी महिन्यांनी कुठलातरी पदार्थ माझ्याशी बोलला होता.

नंतर मी वाचून काढलं तेव्हा कळलं की हाडं, मासळी, अळंबी, समुद्री शेवाळ तासन्‌तास उकळून काढलेल्या अर्कात ही चव उतरते, आणि ती ओळखायला जिभेला नाकाची गरज पडत नाही. त्यातच त्या नूडल्स! दाताखाली किंचित अडून मग तुटणाऱ्या, मऊ पण लिबलिबीत नाही अशा. अर्धवट उकडलेलं अंडं, ज्याचं पिवळं मधासारखं ओघळतं. बांबूच्या कोंबाचे करकरीत तुकडे. वाफ, चटका, मीठ, चावण्याची गंमत, या सगळ्याला नाक लागत नाही. मी वाडगा संपवला, आणि निरोप घेणारी मैत्रीण राहिली बाजूला, मीच डोळे पुसत होते. घरी येऊन आईला सांगितलं, मला आज जेवण लागलं. ती उठून बसली. वास आला का, तिने विचारलं. नाही म्हटल्यावर परत आडवी झाली आणि म्हणाली, शेवयांच्या सूपाचं कसलं एवढं कौतुक.

पण मला आता झपाटल्यासारखं झालं होतं. कुठे कुठे मिळतं हे? नकाशावर शोधलं, डिलिव्हरीवाल्यांना विचारलं, त्या ग्रुपवर विचारलं. रोज संध्याकाळी घरी परत येताना मला नवीन काहीतरी उतरून बघायचं असायचं. शाळेची सहल ठरल्यावर जसं होतं तसं व्हायचं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं होणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

कल्याणला खडकपाड्याजवळ एक जण ‘शेजवान चीज रामेन’ द्यायचा. त्यावर तो चीजची चकती ठेवायचा आणि चकतीवर बारीक शेव भुरभुरवायचा. मी त्याला विचारलं की शेव कशासाठी, तर तो म्हणाला, शेव नाही टाकली तर आपले लोक विचारतात शेव कुठे गेली. यावर मी काय बोलणार. ग्रुपवर मात्र पानभर बोलले, आणि तिथे जाऊन खाऊन आलेल्या निम्म्या लोकांनी मला कळवलं की चीजमुळेच मजा येते. कळव्यात एक दुकान आहे असं कळल्यावर मी भर उन्हात तंगडतोड करत गेले तर तिथे मोमोवाला उभा होता. रामेनवाला गेल्या महिन्यात गेला म्हणाला, आणि माझं तोंड बघून त्याने मला मोमोबरोबरचं पांढरं सूप फुकट पाजलं. मी त्या सूपाचंही परीक्षण लिहिलं. बरं होतं.

डोंबिवलीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एक बाई घरीच रामेन करून डब्यातून देते हे कळलं तेव्हा तर मी घरात टाळ्या वाजवल्या. तिच्या नूडल्स तिच्या हातच्या होत्या. नूडल्सना तो चिवटपणा कशाने येतो, हे मी तिला दारातच उभं राहून विचारलं आणि तिने सांगितलं, पापडखार. जपानमध्ये जो क्षार पिठात घालतात तो इथे मिळत नाही, पापडखाराने काम होतं. मी हे आईला येऊन सांगितलं, कारण आमच्याकडे उडदाचे पापड ती अजून घरी करते. पहिल्यांदाच तिने या विषयात थोडं लक्ष घातलं. पापडखार किती घालते, पीठ किती वेळ झाकून ठेवते, सगळं विचारून घेतलं. पण चव बघ म्हटलं तर नाही. त्या सूपात कोंबडी असली तरी मासळीचा अंश असेल, आपल्याला कळणार पण नाही, देवीला मात्र कळेल, हे तिचं म्हणणं. आणि तिचं खरंच होतं, बहुतेक सूपांत मासळी असतेच.

अशी दीड-दोन वर्षं गेली. वाडगे वाढत गेले, ग्रुपवर माझी टिंगल करणारेच आता ‘ताई, हे ठीक आहे का’ म्हणून फोटो पाठवायला लागले. त्याचा मला फार आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण घरी आलं की त्या पाच बाटल्या ओळीने उभ्या असायच्या. लवंग, काही नाही. लिंबू, काही नाही. आई रोज तेच विचारायची, काही येतंय का, आणि मी मान हलवायचे. डॉक्टरही पुढे पुढे ‘बघू’ एवढंच म्हणायला लागले. मी स्वतःची समजूत घातली होती. मला रामेन होतं. तिला काय होतं? आमटी-भात. आता सत्तरीला टेकलेली ती, अजून किती वर्षं अशी बसणार, हा विचार आला की मला नूडल्स गिळवायच्या नाहीत. सोड तो नवस, देवी समजून घेईल, असं मी किती वेळा म्हटलं असेन. तिचं एकच, शब्द दिलाय.

कोपरीचं दुकान मला तसं उशिराच सापडलं. ठाणे पूर्वेला स्टेशनच्या बाजूची ती जुनी वस्ती, तिथे एका बंद पडलेल्या शिंप्याच्या गाळ्यात हे उघडलं होतं. पाच-सहा स्टुलं, एक लांब फळी, फळीपलीकडे मोठाली पातेली. चालवणारा माणूस पन्नाशीचा, आयुष्यभर प्रवासी जहाजांवर आचारी होता, तिथे एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली राहून हे शिकला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने मला नूडल्स आल्या आल्या खायला लावल्या, फोटो काढू दिला नाही. मला तो तेव्हाच आवडला. अंडं अगदी हवं तसं होतं. सूप सौम्य होतं, कोंबडीचं. त्याचं परीक्षण मी इतकं लांब लिहिलं की ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ताई, मुलगा बघायला गेला होतात का.

मग तो रविवार आला. कोपरीतच नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता, सकाळचा. आई नवी साडी नेसून, केसात मोगऱ्याचा गजरा माळून माझ्याबरोबर आली होती. तिथे जेवण नव्हतं, नुसता एक बटाटेवडा, एक पेढा आणि चहा. बाहेर पडल्यावर आई इतकी वैतागली होती की विचारू नका. पूर्वी लोक घरी बोलावून उपाशी पाठवत नव्हते म्हणाली. मी संधी साधली. म्हटलं, इथे पाच मिनिटांवर माझं ते दुकान आहे, त्याच्याकडे नुसत्या अळंबीचं पण मिळतं, त्यात मासळी नसते, मी खात्री करून घेतली आहे. भुकेपोटी ती तयार झाली. जाताना मी तिला बजावलं, तिथे भुरके मारायचे नाहीत. घरी कढी पिताना ती जो भुरका मारते तो शेजारच्या इमारतीत ऐकू जातो.

दुकानात तीन-चार जणच होते. फळ्यावर खडूने ‘आज नवीन’ असं काहीतरी लिहिलं होतं. मी वाचलंसुद्धा नाही, त्याला म्हटलं आईला अळंबीचं द्या आणि मला जे नवीन असेल ते. आईने स्टुलावर बसून पदर सावरला, जेवायच्या काड्यांकडे संशयाने पाहिलं आणि चमचा मागून घेतला. आमचे वाडगे समोर आले. मी माझ्या काड्या उचलल्या, आणि मला एकदम राग आला. असं छान ठिकाण, आणि जवळपास कुणीतरी भलताच उद्योग चालवला होता.

“कोण गं हे, भर दुपारी सुकट भाजतंय?” मी आईला म्हटलं.

आईचा चमचा सूपात होता, तो तिथेच राहिला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं काय झालं. आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं. मी श्वास ओढला. होता. पातळ, थोडा जळकट, उन्हात वाळत घातलेल्या जाळ्यासारखा, आजोळच्या पडवीत टांगलेल्या सुक्या मासळीच्या पिशवीसारखा. मी वाडग्यावर वाकले तर तो वाढला, मागे झाले तर विरला. तो वाडग्यातून येत होता. माझ्या हातातल्या काड्या फळीवरून खाली पडल्या, आणि मी मोठ्याने हसायला लागले की रडायला लागले ते आता सांगता येणार नाही.

आई मात्र हसली नाही. ती साबण विसरली नव्हती. तिने फळीपलीकडच्या त्या माणसाला विचारलं, यात काय घातलंय. तो जरा बावरला. म्हणाला, काकू, ही सुकी मांदेली आहेत, चेंदणी कोळीवाड्यातनं आणतो, जपानात बारके सुके मासे उकळतात ना, ते इकडे महाग पडतात, म्हणून मी आपली मांदेली भाजून घेतो. काही चुकलं का?

आईने त्याला कामाला लावलं. तिचा अळंबीचा वाडगा, माझा मांदेलीचा आणि तिसऱ्यात नुसतं गरम पाणी, असे तीन वाडगे शेजारी लावायला लावले. मग उठून माझ्या मागे उभी राहिली आणि नव्या साडीचा पदर माझ्या डोळ्यांवर घट्ट धरला. दुकानातले लोक खायचे थांबले असावेत, कारण आवाज बंद झाला. नाकासमोर वाफ आली. काही नाही, मी म्हटलं. दुसरी वाफ. काही नाही. तिसरी. हे, आई, हे. मग परत एक. परत तेच, आत्ताचंच, मी म्हटलं. तिने मला फसवायला तोच वाडगा पुन्हा धरला होता. कुणीतरी ‘बरोबर’ म्हटलं आणि तिने त्याला गप्प बसवलं.

मग तिचा हात क्षणभर बाजूला झाला आणि नाकाला काहीतरी गार, ओलसर टेकलं. मी ओढून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मला फार वाटत होतं की यावं.

“नाही गं,” मी म्हटलं. “यात काही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

पदर बाजूला झाला. तिच्या हातात केसातून काढलेला गजरा होता, ताजा, टपोऱ्या कळ्यांचा. मला वाटलं, संपलं, आता ती म्हणणार की मोगरा येत नाही म्हणजे काहीच येत नाही. पण तिचे डोळे भरून आले होते. “थाप असती तर हो म्हणाली असतीस,” ती म्हणाली. “खरंच आलाय.” मी चाचरत म्हटलं, पण आई, मोगरा नाही ना आला, आणि मी सुकट म्हटलं, ही तर मांदेली. त्यावर ती नाक पुसत म्हणाली, मोगऱ्याचं काय घेऊन बसलीस, तो येईल मागाहून, आणि सुकट कुठली, मांदेली कुठली ते मी तुला शिकवते.

गजरा तिने फळीवर ठेवला. हात जोडून डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, बहुतेक देवीला कळवलं की झालं. मग स्टुलावर बसली, माझ्यासमोरचा मांदेलीचा वाडगा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला आणि स्वतःचा गार झालेला अळंबीचा माझ्याकडे सरकवला. चमचा बाजूला ठेवला. वाडगा उचलून ओठांना लावला आणि असा काही भुरका मारला की दारावरून जाणारा माणूस वळून बघायला लागला. जहाजावरचा तो आचारी खूश होऊन म्हणाला, हे बघा, जपानात रामेन असंच भुरके मारत खातात, काकूंना कुणी शिकवावं लागलं नाही. मी तिला थांबवलं नाही. तिने घोट गिळला. मला राहवेना, मी विचारलं, कसं आहे?

“मीठ जरा जास्त झालंय,” ती म्हणाली, आणि वाडगा पुन्हा तोंडाला लावला.